सॉलिसिटरची उमेदवारी : इंग्लंडमधील लॉ फर्मचा उंबरठा

मराठीतील ‘उमेदवार’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. निवडणुकीला किंवा नोकरीसाठी उभा राहणारा तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांमध्ये पुढेमागे कायम होण्याच्या आशेवर नाममात्र पगारात काम शिकणारा, तोही उमेदवारच. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होऊ पाहणाऱ्या तरुणाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. आधी त्याला लॉ फर्मकडे अर्ज करून निवडून यावे लागते आणि मग त्याच फर्ममध्ये दोन वर्षे काम शिकावे लागते. या काळात त्याला ‘ट्रेनी सॉलिसिटर’ म्हणतात.

पदवी आणि परीक्षा या अभ्यासाच्या बळावर मिळवण्याच्या गोष्टी आहेत. ट्रेनीची जागा मात्र दुसऱ्याने द्यावी लागते. त्यामुळे या व्यवसायात कोण शिरणार, हा निर्णय अनेक पिढ्या परीक्षकांपेक्षा फर्मच्या भागीदारांच्या हाती राहिला. २०२१ मध्ये नियम बदलले आणि मुख्य दरवाजाशेजारी काही नव्या वाटा खुल्या झाल्या. तरीही मुख्य दरवाजा आजही तोच आहे. त्याचे वेळापत्रक, तेथे विचारले जाणारे प्रश्न आणि शेजारच्या वाटा ज्यांना ठाऊक नसतात, ते बहुधा गुणवत्तेअभावी नव्हे, तर माहितीअभावी मागे पडतात.

सॉलिसिटर म्हणजे कोण?

इंग्लंड आणि वेल्स यांच्या न्यायव्यवस्थेत वकिलीच्या दोन मुख्य शाखा आहेत. वरिष्ठ न्यायालयांत उभे राहून युक्तिवाद करणे हे प्रामुख्याने बॅरिस्टरचे काम. अशिलाशी थेट संबंध ठेवणे, त्याला सल्ला देणे, करारमदार, खरेदीखते आणि मृत्युपत्रे तयार करणे, दाव्याची कागदपत्रे जुळवणे आणि वाटाघाटी करणे हे सॉलिसिटरचे काम. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील व्यवस्था व प्रवेशाचे नियम स्वतंत्र आहेत. त्यामुळे पुढील माहिती इंग्लंड आणि वेल्सपुरतीच समजावी.

मुंबईकरांना हा भेद नवा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत ही दुहेरी पद्धत १ जानेवारी १९७७ पर्यंत चालू होती. १८९४ साली स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही संस्था तीन वर्षांच्या आर्टिकलशिपनंतर सॉलिसिटरची परीक्षा घेत आली आहे. फोर्ट भागातील सॉलिसिटरच्या कचेऱ्यांमध्ये रुजलेली ही पद्धत मुळात लंडनहून आली होती. चार्टर्ड अकाउंटन्सीमुळे ‘आर्टिकलशिप’ हा शब्द तर मराठी मध्यमवर्गीय घरांत आजही नेहमी ऐकू येतो.

पैसे मोजून मिळणारी जागा

१७२९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अटर्नी किंवा सॉलिसिटर होण्यासाठी पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. उमेदवार आणि सॉलिसिटर यांच्यात होणाऱ्या लेखी करारास ‘आर्टिकल्स’ म्हणत. त्यावरून उमेदवाराला ‘आर्टिकल्ड क्लार्क’ हे नाव पडले. शिकवण्याच्या बदल्यात उमेदवाराच्या वडिलांनी सॉलिसिटरला ‘प्रीमियम’ म्हणून रोख रक्कम देण्याची प्रथा होती आणि ती विसाव्या शतकातही बराच काळ टिकली. ज्या घरात ही रक्कम उभी राहत नसे आणि मुलाला पाच वर्षे पोसण्याची ऐपत नसे, त्या घरातील मुलगा हुशार असला तरी त्याला कारकुनीवरच समाधान मानावे लागे.

स्त्रियांना तर पैसे मोजूनही प्रवेश नव्हता. १९१३ साली ग्वेनिथ बेब आणि तिच्या तीन सहकारी स्त्रियांनी लॉ सोसायटीच्या परीक्षेस बसू द्यावे म्हणून न्यायालयात धाव घेतली. १८४३ च्या सॉलिसिटर्स कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्रीचा समावेश होत नाही, असा निर्णय त्यांच्या वाट्याला आला. १९१९ च्या कायद्याने ही बंदी उठली आणि डिसेंबर १९२२ मध्ये कॅरी मॉरिसन इंग्लंडमधील पहिली स्त्री सॉलिसिटर झाली. ग्वेनिथ बेब मात्र तो दिवस पाहू शकली नाही. १९२१ मध्येच तिचे निधन झाले होते.

या इतिहासाला एक महाराष्ट्रीय धागाही आहे. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली. त्यानंतर लंडनमधील एका सॉलिसिटर फर्ममध्ये त्यांनी काही काळ काम शिकून घेतले. काम शिकता आले, पण त्याचे रूपांतर सनदेत होण्याचा मार्ग तेव्हा नव्हता. ऑक्सफर्डची पदवी त्यांच्या हाती पडली ती १९२२ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी.

‘आर्टिकल्ड क्लार्क’ हे नाव १९९० च्या सुमारास मागे पडले आणि ‘ट्रेनी सॉलिसिटर’ व ‘ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट’ हे शब्द रूढ झाले. प्रीमियम गेला आणि वेतन आले. या वेतनाची किमान मर्यादा नियामक संस्था ठरवून देत असे. १ ऑगस्ट २०१४ पासून ती मर्यादा काढून टाकण्यात आली. आता कायद्याने केवळ राष्ट्रीय किमान वेतन बंधनकारक आहे. लॉ सोसायटी एक किमान रक्कम सुचवते, पण ती फर्मवर बंधनकारक नाही. परिणामी लंडनमधील मोठ्या व्यापारी फर्ममध्ये ट्रेनीला पहिल्याच वर्षी ५० हजार पौंडांहून अधिक पगार मिळतो, तर एखाद्या लहान गावातील फर्ममध्ये त्याच्या निम्म्यावरही काम करावे लागते. पदाचे नाव दोन्हीकडे एकच असते.

सध्याचे नियम

सॉलिसिटरांचे नियमन ‘सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी’ म्हणजे एसआरए ही संस्था करते. तिने १ सप्टेंबर २०२१ पासून ‘सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन’ म्हणजे एसक्यूई ही सामायिक परीक्षा लागू केली. आता सॉलिसिटर होण्यासाठी चार अटी आहेत. कोणत्याही विषयातील पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता, एसक्यूईचे दोन्ही टप्पे, दोन वर्षांचा पात्र कार्यानुभव आणि चारित्र्याविषयीची पडताळणी. पदवी कायद्याचीच हवी, असे बंधन नाही. इतिहास, रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकलेले अनेक विद्यार्थी या व्यवसायात येतात.

एसक्यूईच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १८० प्रश्नांच्या दोन बहुपर्यायी प्रश्नपत्रिका असतात. दुसऱ्या टप्प्यात सोळा प्रात्यक्षिक कसोट्या असून त्यांपैकी बारा लेखी आणि चार तोंडी असतात. अशिलाची मुलाखत, न्यायालयापुढील निवेदन, कायदेविषयक संशोधन, मसुदालेखन अशी कौशल्ये त्यांत तपासली जातात. दोन्ही टप्प्यांचे शुल्क मिळून साडेचार हजार पौंडांहून अधिक होते. तयारीच्या वर्गांचा खर्च वेगळा. प्रत्येक टप्प्यासाठी सहा वर्षांत जास्तीत जास्त तीन वेळा बसता येते.

जुन्या ‘लीगल प्रॅक्टिस कोर्स’च्या मार्गाने आधीच निघालेल्यांना संक्रमणकाळाची सवलत २०३२ अखेरपर्यंत आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र एसक्यूईचाच विचार करावा.

सर्वांत मोठा बदल कार्यानुभवाच्या अटीत झाला. पूर्वी एकाच फर्मशी केलेला दोन वर्षांचा ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट हा बहुतेकांसाठी एकमेव मार्ग होता. आता हा अनुभव चार वेगवेगळ्या संस्थांमध्ये मिळून पूर्ण करता येतो. पॅरालीगल म्हणून केलेली नोकरी, विद्यापीठाच्या विधी सल्ला केंद्रातील काम किंवा लॉ सेंटरमधील स्वयंसेवा हे सारे त्यात मोजले जाऊ शकते. त्या कामाचा कालावधी आणि त्यात सॉलिसिटरला आवश्यक कौशल्ये आत्मसात करण्याची संधी मिळाली होती, ही बाब इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने किंवा संबंधित फर्मच्या नियमपालन अधिकाऱ्याने प्रमाणित करावी लागते. उमेदवार हुशार आहे की नाही, हे त्या स्वाक्षरीतून सांगायचे नसते. ते तपासण्याचे काम परीक्षेचे आहे.

असे असले तरी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचे आकर्षण कमी झालेले नाही आणि त्यामागे आर्थिक कारण आहे. मोठ्या फर्म आपण निवडलेल्या उमेदवाराच्या एसक्यूई वर्गांचे व परीक्षेचे शुल्क भरतात आणि अभ्यासाच्या काळात निर्वाहभत्ताही देतात. स्वतंत्र वाटेने जाणाऱ्याला हा सारा खर्च खिशातून करावा लागतो.

दोन वर्षांत काय शिकवतात?

ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचा काळ साधारणपणे सहा-सहा महिन्यांच्या चार भागांत विभागलेला असतो. प्रत्येक भागाला ‘सीट’ म्हणतात, कारण ट्रेनी खरोखरच एका अनुभवी वकिलाच्या खोलीत किंवा शेजारच्या मेजावर बसून काम शिकतो. एक सीट कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची, दुसरी दाव्यांची, तिसरी स्थावर मालमत्तेची, असा क्रम असू शकतो. मोठ्या फर्ममध्ये एखादी सीट परदेशातील कार्यालयात किंवा अशिलाच्या कंपनीतही मिळते.

काम मात्र सुरुवातीला झगमगीत नसते. कागदपत्रांच्या याद्या करणे, कंपनीच्या नोंदी तपासणे, करारातील परिशिष्टे जुळवणे, बैठकीचे टिपण घेणे आणि सह्यांची पाने गोळा करणे यांत बराच वेळ जातो. लहान फर्ममध्ये उलट चित्र दिसते. तेथे ट्रेनीला पहिल्या काही आठवड्यांतच घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील दांपत्य किंवा घर गमावण्याच्या भीतीने आलेला भाडेकरू यांच्यासमोर बसावे लागते. दोन वर्षांनंतर त्याच फर्ममध्ये कायम नोकरी मिळेलच, याची हमी कोठेही नसते.

दोन वर्षे आधीचे वेळापत्रक

भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला चकवणारी पहिली गोष्ट म्हणजे वेळ. मोठ्या फर्म ट्रेनीची निवड प्रत्यक्ष रुजू होण्याच्या सुमारे दोन वर्षे आधी करतात. तीन वर्षांच्या कायदा पदवीचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षात अर्ज करतो. अन्य विषयांचा विद्यार्थी शेवटच्या वर्षात अर्ज करतो. पदवी हातात आल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्याला त्या वेळी पुढच्या दोन तुकड्या भरलेल्या आढळतात.

निवडीचा मुख्य मार्ग म्हणजे ‘व्हेकेशन स्कीम’. सुट्टीच्या काळात एक ते तीन आठवडे विद्यार्थ्याला फर्ममध्ये बोलावून विद्यावेतनासह काम दिले जाते आणि त्या काळात त्याची पारखही केली जाते. या योजनांचे अर्ज शरद ऋतूत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात आणि अनेक फर्मची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. काही फर्म आपल्या बहुतेक ट्रेनींची निवड याच योजनेतून करतात. थेट ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठीचे अर्ज काही ठिकाणी त्यानंतरही घेतले जातात.

अनेक फर्म अर्ज येतील तसे तपासत जातात. त्यामुळे अंतिम तारखेच्या रात्री पाठवलेला अर्ज नियमात बसत असला तरी तोवर बऱ्याच जागा गेलेल्या असू शकतात. लहान फर्मचे वेळापत्रक वेगळे असते. त्यांना गरज पडेल तेव्हा त्या जाहिरात देतात आणि पुष्कळदा आपल्याकडील पॅरालीगललाच ट्रेनीची जागा देतात.

फर्मची निवड

सर्व फर्म सारख्या नाहीत, हे ओळखणे ही अर्जाची पहिली पायरी आहे. लंडनमध्ये ‘मॅजिक सर्कल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच फर्म आहेत. क्लिफर्ड चान्स, फ्रेशफील्ड्स, लिंकलेटर्स, स्लॉटर अँड मे आणि २०२४ मधील विलीनीकरणानंतर ए अँड ओ शेरमन या नावाने चालणारी जुनी अ‍ॅलन अँड ओव्हरी. त्यांच्याखेरीज अमेरिकी फर्मची लंडन कार्यालये आहेत. तेथे पगार मोठा, ट्रेनींची संख्या लहान आणि कामाचे तास दीर्घ असतात. मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल येथे मोठ्या प्रादेशिक फर्म आहेत. कुटुंबकायदा, स्थलांतर, फौजदारी बचाव किंवा वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे यांत मुरलेल्या विशेष फर्म आहेत. बाजारपेठेच्या रस्त्यावरील लहान फर्म तर जवळपास प्रत्येक गावात आढळतात. सरकारी विधी सेवा, स्थानिक स्वराज्य संस्था आणि फिर्यादी पक्षाची क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस याही संस्था प्रशिक्षण देतात.

गरिबांसाठीच्या कायदेविषयक कामाची ओढ असणाऱ्यांसाठी ‘जस्टिस फर्स्ट फेलोशिप’ ही २०१४ मध्ये सुरू झालेली योजना उल्लेखनीय आहे. तिच्यातून सामाजिक न्यायाच्या क्षेत्रातील संस्थांमध्ये ट्रेनीच्या जागा उपलब्ध होतात.

पन्नास फर्मना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा दहा-बारा फर्मचा नीट अभ्यास करून केलेले अर्ज अधिक उपयोगी ठरतात. फर्मची मुख्य कामे कोणती, तिचे अशील कोण, एका तुकडीत ट्रेनी किती, त्यांपैकी कायम किती होतात आणि परीक्षेचा खर्च फर्म उचलते का, या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज अर्ज लिहायला बसू नये.

अर्जात काय लिहावे?

ऑनलाइन अर्जात शालेय गुणांपासून प्रत्येक विषयाचे गुण विचारले जातात. अनेक फर्म पदवीला ‘अपर सेकंड’ श्रेणीची अपेक्षा ठेवतात. इंग्लंडमध्ये ६० गुणांना अपर सेकंड आणि ७० गुणांना फर्स्ट अशी मांडणी असते. भारतीय टक्केवारीचे या श्रेणीत स्वतःच रूपांतर करून लिहू नये. मूळ गुण आणि गुणांची पद्धत स्पष्ट नमूद करावी. आजारपण, घरातील मृत्यू यांसारख्या कारणांनी एखाद्या सत्रात गुण घसरले असतील, तर त्यासाठी स्वतंत्र रकाना असतो. संकोचापोटी तो रिकामा ठेवण्यात शहाणपण नाही. काही फर्म उमेदवाराच्या शाळेची सरासरी आणि घरची परिस्थिती लक्षात घेऊन गुणांकडे पाहण्याची पद्धतही वापरतात.

यानंतर येतात निबंधवजा प्रश्न. सॉलिसिटरच का व्हायचे? याच फर्ममध्ये का? कामाचा कोणता अनुभव उपयोगी पडेल? उत्तरासाठी बहुधा काही शे शब्दांचीच मर्यादा असते. येथे बहुसंख्य अर्ज बाद होतात, कारण उत्तरे कोणत्याही फर्मला आणि कोणत्याही उमेदवाराला लागू पडतील अशी असतात. ‘आपली फर्म जागतिक कीर्तीची असून येथील वातावरण सहकार्याचे आहे’ या वाक्यातून वाचणाऱ्या भागीदाराला काहीच कळत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. ‘विधी सल्ला केंद्रात काम केल्याने माझी संवादकौशल्ये वाढली’ असे एक उमेदवार लिहितो. दुसरा लिहितो की, केंद्रात आलेल्या एका भाडेकरूची अनामत रक्कम घरमालक परत देत नव्हता. कागद तपासताना ती रक्कम ३० दिवसांच्या मुदतीत मान्य संरक्षण योजनेत जमा केल्याची नोंदच नसल्याचे लक्षात आले. पर्यवेक्षक सॉलिसिटरच्या देखरेखीखाली पत्राचा मसुदा केला. पहिला मसुदा फार कडक झाल्याने तो बदलावा लागला. दुसऱ्या उत्तरात काम दिसते, चूक दिसते आणि त्या चुकीतून आलेले शहाणपणही दिसते. ‘संवादकौशल्य’ हा शब्द त्यात लिहिण्याची गरजच उरत नाही.

अनुभव कायद्याचाच हवा असेही नाही. दुकानात विक्रेता म्हणून, कॉल सेंटरमध्ये किंवा घरच्या व्यवसायात केलेल्या कामातून रागावलेल्या ग्राहकाशी बोलणे, हिशेब जुळवणे आणि वेळ पाळणे या गोष्टी शिकता येतात. असे काम कमी प्रतीचे मानून लपवणारे उमेदवार आपलाच पुरावा फाडून टाकतात.

‘हीच फर्म का’ या प्रश्नाचे उत्तर फर्मच्या संकेतस्थळावरील मजकुराची उजळणी नसावे. फर्मने केलेल्या एखाद्या कामाचा उल्लेख करताना ते काम उमेदवाराला का महत्त्वाचे वाटले आणि त्याच्या आधीच्या अभ्यासाशी किंवा अनुभवाशी ते कसे जुळते, हे सांगावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून उत्तर लिहून घेण्याचा मोह अलीकडे वाढला आहे. याबाबत फर्मचे धोरण काय आहे ते आधी वाचावे. यंत्राने दिलेली गुळगुळीत उत्तरे एकमेकांसारखी असतात आणि मुलाखतीत त्यांच्याच आधारे प्रश्न विचारले जातात, हेही विसरू नये.

खोटी माहिती देणे तर सर्वस्वी टाळावे. सनद देताना चारित्र्याची पडताळणी होते. गुणांत केलेला बदल, वाङ्मयचौर्य किंवा दडवलेली शिक्षा पुढे उघडकीस आल्यास केवळ नोकरीच नव्हे, तर व्यवसायातील प्रवेशच धोक्यात येतो.

चाचण्या आणि मुलाखत

अर्ज स्वीकारला गेल्यास अनेक फर्म ‘वॉटसन-ग्लेझर’ ही तर्कविचाराची चाचणी घेतात. दिलेल्या उताऱ्यावरून अनुमान काढणे, गृहीतक ओळखणे, निष्कर्ष नियमाने निघतो का ते पाहणे, माहितीचा अर्थ लावणे आणि युक्तिवादाची ताकद जोखणे हे तिचे पाच भाग आहेत. उताऱ्याबाहेरचे ज्ञान वापरणे ही येथील नेहमीची चूक. काही फर्म ध्वनिचित्रमुद्रित मुलाखतही घेतात. त्यात पडद्यावर प्रश्न येतो आणि ठराविक वेळेत कॅमेऱ्यासमोर उत्तर द्यावे लागते.

शेवटचा टप्पा ‘असेसमेंट सेंटर’चा. अर्ध्या किंवा पूर्ण दिवसात लेखी काम, गटचर्चा, एखाद्या व्यवहाराच्या कागदपत्रांचा अभ्यास आणि भागीदारांची मुलाखत असे कार्यक्रम असतात. गटचर्चेत सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारा निवडला जातो, हा गैरसमज आहे. गप्प बसलेल्या सहकाऱ्याला बोलते करणारा आणि वेळेवर चर्चा निर्णयापर्यंत नेणारा उमेदवार परीक्षकांच्या नजरेत भरतो.

‘कमर्शियल अवेअरनेस’ म्हणजे व्यापारी भान, हा शब्द येथे वारंवार कानी पडतो. रोज आर्थिक वृत्तपत्राचे मथळे पाठ करणे म्हणजे व्यापारी भान नव्हे. व्याजदर वाढले तर इमारती बांधणाऱ्या अशिलाचे काय होईल? कर्ज महागेल, मालमत्तेच्या किमतीवर परिणाम होईल, बँक करारातील अटींवर बोट ठेवील आणि अशील वकिलाकडे येईल तो कर्जाच्या फेरमांडणीसाठी. बातमीपासून अशिलाच्या गरजेपर्यंतची ही साखळी ज्याला जोडता येते, त्याला व्यापारी भान आहे असे समजतात.

निवडीनंतरची टांगती तलवार

जागा मिळाली म्हणजे सारे झाले असे नाही. मोठ्या फर्मचा देकार बहुधा एसक्यूई उत्तीर्ण होण्याच्या अटीवर असतो आणि काही ठिकाणी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणे आवश्यक मानले जाते. या अटीची धार २०२४ मध्ये दिसून आली. त्या वर्षीच्या जानेवारीतील पहिल्या टप्प्याच्या परीक्षेत गुणांच्या पूर्णांकनात चूक झाली आणि उत्तीर्ण झालेल्या १७५ परीक्षार्थींना अनुत्तीर्ण असा निकाल कळवला गेला. परीक्षा घेणाऱ्या कॅप्लान या संस्थेने एप्रिलमध्ये चूक मान्य करून दिलगिरी व्यक्त केली आणि सदिच्छा म्हणून प्रत्येकी २५० पौंड देऊ केले. पण मधल्या काळात काहींच्या हातातील नोकरीच्या संधींवर गदा आली होती. देकार स्वीकारताना अनुत्तीर्ण झाल्यास फर्म काय करील, पुन्हा बसण्याची संधी देईल का आणि खर्च केलेली रक्कम परत मागेल का, हे करारात वाचून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी

लंडनमधील काही मोठ्या फर्म भारतातील नामवंत राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून ट्रेनींची निवड करत आल्या आहेत. अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ऑनलाइन अर्जाचा मार्ग खुला असतो. तेथे मुख्य प्रश्न व्हिसाचा. कामाचा व्हिसा हवा असेल तर फर्मकडे प्रायोजकत्वाचा परवाना लागतो. २२ जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसाची सर्वसाधारण वेतनमर्यादा ४१ हजार ७०० पौंड करण्यात आली. व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी ती कमी आहे. तरीही लहान फर्मचा पगार पाहता तेथे प्रायोजकत्व मिळणे अवघड जाते. अर्ज करण्यापूर्वी हा प्रश्न फर्मला स्पष्ट विचारावा. त्यात कमीपणा काही नाही.

केवळ ट्रेनीची जागा मिळेल या भरवशावर कर्ज काढून इंग्लंडमधील एलएल. एम. करणे धोक्याचे आहे. एसक्यूईसाठी ती पदवी आवश्यक नाही. भारतात सनद घेतलेल्या वकिलाला तर दोन वर्षांच्या कार्यानुभवाची अटही लागू होत नाही. एसक्यूई आणि चारित्र्य पडताळणी पूर्ण करून तो थेट सॉलिसिटर म्हणून प्रवेश मागू शकतो. परीक्षेचा पहिला टप्पा भारतातील केंद्रावर देता येतो. दुसऱ्या टप्प्यातील तोंडी कसोट्यांसाठी मात्र इंग्लंड किंवा वेल्समध्ये जावे लागते. पात्र कार्यानुभव परदेशातही मिळवता येतो. त्यामुळे मुंबईतील कचेरीत केलेले कामही इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने प्रमाणित केल्यास त्यात मोजले जाऊ शकते. अर्थात सनद मिळणे आणि नोकरी मिळणे या भिन्न गोष्टी आहेत.

नकार आल्यास

चांगल्या उमेदवारांनाही पुष्कळ नकार येतात. पहिल्या वर्षी यश न मिळाल्यास अर्ज कोणत्या टप्प्यावर थांबला हे तपासावे. लेखी अर्जावरच थांबत असेल तर उत्तरे बदलावी लागतील. चाचणीवर थांबत असेल तर सराव हवा. मुलाखतीनंतर नकार आला असेल तर फर्मकडून अभिप्राय मागावा. दरम्यान पॅरालीगलची नोकरी किंवा विधी सल्ला केंद्रातील काम सुरू ठेवून त्याची तारीखवार नोंद ठेवावी आणि दर काही महिन्यांनी पर्यवेक्षकाची स्वाक्षरी घ्यावी. पर्यवेक्षकाने नोकरी बदलल्यावर दोन वर्षांपूर्वीच्या कामाचे प्रमाणपत्र मिळवणे कठीण जाते.

इंग्लंडमध्ये २०१६ पासून शालेय शिक्षणानंतर पगार घेत सहा वर्षांत सॉलिसिटर होण्याची अप्रेंटिसशिपही सुरू झाली आहे. जानेवारी २०२६ पासून या स्तरावरील शिकाऊ उमेदवारीचा सरकारी निधी सुरुवातीला २१ वर्षांपर्यंत वय असलेल्यांपुरता मर्यादित करण्यात आला. त्यामुळे तो मार्ग प्रामुख्याने तेथेच शालेय शिक्षण घेतलेल्यांच्या उपयोगाचा राहिला आहे.

एकेकाळी ही उमेदवारी बापाच्या थैलीवर ठरत असे. आज ती रक्कम कोणी मागत नाही, पण वेळेवर मिळालेली माहिती, परीक्षेचे शुल्क आणि विनावेतन अनुभव घेण्याइतकी सवड यांचे मोल उमेदवाराला अजूनही मोजावे लागते. ही विषमता एका अर्जाने दूर होणारी नाही. मात्र दोन वर्षे आधी सुरुवात करणे, स्वतःच्या कामाचा नेमका पुरावा मांडणे आणि एक दार बंद झाल्यास शेजारच्या वाटेची नोंदवही तयार ठेवणे या तीन गोष्टी उमेदवाराच्या हातातील आहेत.